सांधा धुण्याची विद्या



वसंतातील ह्या व्याख्यानमालेत साहित्य, राजकारण, अर्थकारण अशा विषयांवर बोलणाऱ्यांची वाण कधी पडत नाही. त्या थोर विषयांच्या रांगेत घोड्याच्या सुजलेल्या सांध्याने येऊन उभे राहावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. टांगे गेले, मुंबईच्या व्हिक्टोरियाही २०१५ सालच्या उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर रस्त्यावरून उठल्या. मग घोडा आता आपला कोण लागतो, असे कोणी विचारील. पण आषाढीच्या वाटेवर रिंगणात अश्व धावतो तेव्हा त्याच्या टापांखालची माती कपाळी लावणारे आपणच आहोत. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार आजही भरतो. माथेरानच्या लाल मातीत माणसांची आणि ओझ्यांची ने-आण घोडा करतो. पुण्याच्या आणि महालक्ष्मीच्या मैदानांवर शर्यती होतात, आणि वरातीचा घोडा तर आपल्या दारापर्यंत येतो. तेव्हा घोडा आपल्यातून गेलेला नाही. त्याच्याकडे निरखून पाहण्याची आपली सवय मात्र गेली आहे.

आज मी एकाच उपचाराविषयी बोलणार आहे. घोड्याच्या सांध्यात पू होऊ लागला, म्हणजे सांध्यात निर्जंतुक पाणी सोडून तो आतून धुऊन काढतात. ऐकायला ही गोष्ट भांडे विसळण्याइतकी साधी आहे. परंतु ह्या साध्या गोष्टीला दोन अटी आहेत. एक, ती वेळेवर झाली पाहिजे. आणि दुसरी, ती योग्य रोगासाठी झाली पाहिजे. ह्या दोन अटी पाळल्या तर मरणाच्या दारातला घोडा पुन्हा धावतो. न पाळल्या तर कितीही पाणी ओतले तरी ते वाया जाते. हे दोन मुद्दे आपल्या पदरात पडले, तर माझे काम झाले असे मी समजेन.

प्रथम घोड्याचा पाय कसा असतो ते पाहू. आपण ज्याला घोड्याचा पुढचा गुडघा म्हणतो तो गुडघा नव्हेच. ते त्याचे मनगट आहे. मागच्या पायाला मध्यावर जे टोकदार वळण दिसते, ज्याला शर्यतीचे लोक हॉक म्हणतात, ती त्याची टाच आहे. त्याच्याही खाली, खुराच्या थोडे वर, आणखी एक गोल सांधा दिसतो. त्याचे नाव फेटलॉक. तेथून खाली प्रत्येक पायाला एकच बोट उरले आहे आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख. म्हणजे चारपाचशे किलो वजनाचा हा प्राणी चार बोटांच्या चार नखांवर उभा असतो, आणि त्यातही शेकडा साठ भार पुढच्या दोन पायांवर येतो. मनगट आणि टाच ह्यांच्या खाली पायावर मांस जवळजवळ नाही. कातडी, तिच्याखाली स्नायुबंध, आणि लगेच सांध्याची पिशवी. म्हणूनच काटेरी तारेचा जो ओरखडा मांडीवर नगण्य ठरला असता, तोच फेटलॉकपाशी सांध्याच्या आत पोचलेला असू शकतो.

ह्या पिशवीच्या आत काय असते? दोन हाडांची टोके असतात आणि प्रत्येक टोकावर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. पिशवीला आतून एक नाजूक अस्तर असते. ते अस्तर एक चिकट, पिवळसर, नितळ द्रव पाझरवते. हेच सांध्याचे वंगण. निरोगी सांध्यातला हा द्रव दोन बोटांत धरून बोटे दूर केली तर त्याची तार निघते; पाक पुरेसा झाला की नाही हे आपल्या घरात जसे पाहतात, तसेच. आता एक महत्त्वाची गोष्ट. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. तिचे पोषण ह्या द्रवातूनच होते. रक्तवाहिन्या नाहीत म्हणून तिची झीज भरून येत नाही, आणि मज्जातंतू नाहीत म्हणून झीज होत असताना ती स्वतः ओरडत नाही. त्वचा कापली तर नवी त्वचा येते, हाड मोडले तर सांधते. कूर्चा एकदा गेली की तिच्या जागी तशीच कूर्चा पुन्हा येत नाही. आजचे सारे बोलणे ह्या एका सत्याभोवती फिरते.

आता सुजेकडे वळू. सूज ही मुळात शत्रू नव्हे. शरीराने बोलावलेली ती शिबंदी आहे. परंतु घोड्याच्या सांध्याला सूज येते ती दोन अगदी निराळ्या कारणांनी. एक कारण झिजेचे. वर्षानुवर्षे दगडी रस्त्यावर ओझे वाहिले, कोवळ्या वयात शर्यतीला जुंपले, पाय मुळात वाकडा होता, अशा कारणांनी कूर्चा हळूहळू खरवडली जाते. घोडा सकाळी आखडतो, थोडा चालला की मोकळा होतो. हे दुखणे महिन्यांचे आणि वर्षांचे. दुसरे कारण जंतूंचे. जखमेतून, शिंगराच्या बेंबीतून, किंवा क्वचित अस्वच्छ सुईतून जंतू सांध्यात शिरतात. हे दुखणे तासांचे. पहिल्यात घोडा कुरकुरतो. दुसऱ्यात तो पाय जमिनीला टेकवायलाही तयार नसतो.

जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर धावून जातात. निरोगी सांध्याच्या द्रवात एका घन मिलिमीटरात ह्या पेशी फार तर काही शेकडे सापडतात. जंतुदोष झालेल्या सांध्यात त्यांची संख्या बहुधा ३०,००० च्या पुढे जाते. प्रथिनांचे प्रमाण शंभर मिलिलिटरला सुमारे दोन ग्रॅम असायचे, ते चारच्या वर चढते. द्रव गढूळ होतो, त्याची तार तुटते. ह्या पेशी जंतूंना मारताना जी विकरे सोडतात, ती विकरे आपपर ओळखत नाहीत. ती कूर्चेलाही पोखरतात. लढाई बंद किल्ल्यात चालली आहे, आणि दोन्हीकडच्या माऱ्यात किल्ल्याच्याच भिंती कोसळत आहेत, अशी ही अवस्था असते. त्यात तंतुमय साका तयार होतो, दह्याच्या कवडीसारखा; जंतू त्याच्या आड लपतात आणि रक्तातून आलेले औषध तेथवर पुरेसे पोचत नाही. नुसती सुई देऊन हा रोग का हटत नाही, ह्याचे उत्तर येथे आहे. पू, विकरे आणि साका बाहेर काढल्यावाचून औषधाला रणांगणच मिळत नाही.

येथे कोणी म्हणेल, एका सांध्याचे दुखणे ते, घोडा तीन पायांवर महिनाभर काढील. माणूस काठी घेतो, खाटेवर पडतो. घोड्याला ते शक्य नाही. एक पाय उचलून धरला की त्याच्या जोडीच्या पायावर दुप्पट भार येतो. आणि खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारे जे पापुद्रे असतात ते ह्या भाराखाली सुजून सुटू लागतात. अमेरिकेतील बार्बारो ह्या घोड्याची कथा ह्या बाबतीत बोधप्रद आहे. २००६ च्या मे महिन्यात त्याने केंटकी डर्बी जिंकली, आणि दोनच आठवड्यांनी प्रीकनेसच्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. त्याचे दुखणे सांध्याच्या जंतुदोषाने सुरू झाले नव्हते, अस्थिभंगाने झाले होते; पण पुढे जे घडले ते आपल्या मुद्द्याचे आहे. उत्तम शस्त्रवैद्य, उत्तम रुग्णालय, पैशाला तोटा नाही. मोडलेले हाड सांधू लागले. पण जुलैमध्ये भार वाहणाऱ्या डाव्या पायाचा खूर निकामी होऊ लागला, आणि अखेर २९ जानेवारी २००७ रोजी त्याला दयामरण द्यावे लागले. दुखऱ्या पायाइतकाच चांगला पायही घोड्याचा घात करू शकतो. म्हणून सांध्याचा ठणका लवकर उतरवणे म्हणजे नुसता आराम देणे नव्हे, जीव वाचवणे आहे.

आता हा धुण्याचा उपाय आला कोठून? घाण झालेली जखम धुवावी हे माणसाला अनादिकालापासून ठाऊक आहे. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावाने अश्ववैद्यकाची परंपरा चालत आली. घोड्याच्या वैद्याला सलोत्री म्हणत, तो शब्द त्याच नावावरून पडला. पण बंद सांध्यात शिरण्याचे धाडस करायचे तर आधी जंतू म्हणजे काय हे कळायला हवे होते. १८६७ साली जोसेफ लिस्टर ह्यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक करण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली, आणि उघड्या अस्थिभंगात पाय कापून टाकण्याची पाळी कमी होऊ लागली. १९१८ साली टोकियोमध्ये केन्जी ताकागी ह्यांनी मूत्राशयात पाहण्याची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून सांधा आतून पाहिला. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात ती दुर्बीण खऱ्या अर्थाने कामाची केली. सांधा दिसावा म्हणून त्यात पाणी भरावे लागे. १९३४ साली न्यूयॉर्कच्या बर्मन आदी डॉक्टरांनी नोंदले की नुसते पाहण्यासाठी पाणी घातलेल्या काही रोग्यांना बरे वाटू लागले. पाहणे हा हेतू, धुणे हा योगायोग! पुढे न्यूझीलंडहून अमेरिकेत गेलेल्या वेन मॅकिलरेथ ह्यांनी ही विद्या घोड्यांच्या वैद्यकात रुजवली. ह्या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १९८४ साली निघाला.

मग सांध्यात घालायचे पाणी कोणते? हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. नळाचे पाणी, मग ते उकळलेले का असेना, पेशींना सोसत नाही. त्यात क्षार पुरेसे नसल्यामुळे पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. १८८० नंतरच्या काळात लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचे हृदय क्षारांच्या पाण्यात जिवंत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. एकदा हृदय अपेक्षेबाहेर दीर्घकाळ धडधडत राहिले. शोध घेता कळले की मदतनिसाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी लंडनच्या नळाचे पाणी वापरले होते, आणि त्या पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हृदयाला हवा होता. मिठाबरोबर मोजके कॅल्शियम आणि पोटॅशियम घातलेले ते रिंगरचे पाणी. १९३२ च्या सुमारास अमेरिकेतील अलेक्सिस हार्टमन ह्यांनी त्यात लॅक्टेट घातले. आज आपल्या रुग्णालयांत खाटेशेजारी जी बाटली टांगलेली दिसते, तीच घोड्याच्या सांध्यात जाते. तीव्र जंतुनाशके मात्र सांध्यात घालू नयेत. कातडी धुण्यास क्लोरहेक्सिडिन उत्तम, पण तेच सांध्यात गेले तर कूर्चा जाळते. येथे पाण्याने जंतू मारायचे नसतात. ते वाहून न्यायचे असतात. मारण्याचे काम नंतर औषध करील.

प्रत्यक्ष कृती अशी. घोड्याला गुंगी देतात, किंवा पूर्ण भूल देऊन आडवे करतात. सांध्याभोवतीचे केस काढून कातडी पुन्हा पुन्हा घासून धुतात. जखमेपासून दूर, निरोगी कातडीतून सुई घालून प्रथम सांध्यातला थोडा द्रव तपासणीसाठी घेतात. कारण एकदा पाणी घातले की पुरावा वाहून जातो. मग त्याच सुईतून निर्जंतुक पाणी आत सोडतात. ते पाणी जखमेतून बाहेर आले, तर सांधा फुटला आहे हे सिद्ध झाले. किती सोपी परीक्षा, आणि किती निर्णायक! त्यानंतर सांध्याच्या समोरासमोरच्या बाजूंना जाड सुया बसवतात. एकीतून दाबाने पाणी आत, दुसरीतून बाहेर. मध्येच बाहेरची वाट बोटाने बंद करतात, म्हणजे पिशवी फुगून तिचे सारे कानेकोपरे धुतले जातात. एका सांध्यासाठी असे कित्येक लिटर पाणी खर्ची पडते. बाहेर येणारे पाणी आधी गढूळ, मग फिकट, आणि शेवटी नितळ येते. सरतेशेवटी सांध्यात प्रतिजैविक सोडतात. कधी पायाला वरच्या बाजूस रबरी पट्टा आवळून खालच्या शिरेत औषध देतात आणि वीसतीस मिनिटे ते तेथेच कोंडून ठेवतात. त्यामुळे साऱ्या शरीराला न सोसणारे प्रमाण त्या एका जागी मिळते.

सुयांनी धुणे हे पहिल्या काही तासांत पुष्कळदा पुरते. साका जमला असेल, जखमेतून माती, केस, लाकडाची ढलपी आत गेली असेल, तर सुईच्या छिद्रातून ते बाहेर येणार नाही. तेथे दुर्बीण हवी. ती आत घालून डोळ्यांनी पाहत घाण वेचायची आणि त्याच वेळी धुवायचे. पुढचे काही दिवस द्रव पुन्हा तपासतात आणि गरज पडली तर सांधा पुन्हा धुतात. ह्या उपायाचे फळ काय? सांध्यांत आणि स्नायुबंधांच्या पिशव्यांत जंतुदोष झालेल्या किंवा घाण शिरलेल्या १२१ घोड्यांवर दुर्बिणीने उपचार केल्याचा वृत्तांत २००३ साली इंग्लंडमधून प्रसिद्ध झाला. त्यांतले शेकडा ९० जगले, आणि शेकडा ८० हून अधिक पूर्वीच्या कामावर परतले. सांध्यात पू झाला म्हणजे बहुधा गोळीच घालायची, अशी ज्या रोगाची एके काळी ख्याती होती, त्या रोगाचे हे आकडे आहेत.

मात्र हे आकडे चांगल्या रुग्णालयात पोचलेल्या घोड्यांचे आहेत. आपल्याकडे घोडे हातचे जातात ते बहुधा रुग्णालयाच्या अलीकडे. पोचण्याला लागणाऱ्या वेळात. आणि ह्या वेळेच्या बाबतीत रोग स्वतःच मालकाला फसवतो. सांध्यावरची जखम उघडी असते तोवर पू वाहत राहतो, आत दाब वाढत नाही, आणि घोडा फारसा लंगडत नाही. मालक म्हणतो, बरे आहे. वर हळद, चुना, तेल, जे असेल ते लावले जाते. दोनतीन दिवसांत जखमेचे तोंड मिटते, आणि मालकाला आनंद होतो. नेमका तेव्हाच आत दाब चढतो आणि घोडा पाय वर धरतो. जखम भरली आणि घोडा बिघडला, असे हे उलटे गणित आहे. वेदनाशामक औषधानेही हीच फसगत होते. औषधाने घोडा चालू लागला, म्हणजे कूर्चा वाचली असे नव्हे. आणि जंतू असलेल्या सांध्यात झिजेचे दुखणे समजून स्टेरॉइडची सुई दिली, तर जी शिबंदी लढत होती तिचीच शस्त्रे आपण काढून घेतो.

डाग देण्याविषयीही बोलले पाहिजे. सुजलेल्या पायाला तापल्या लोखंडाने डागण्याची चाल आपल्याकडे आहे, आणि केवळ अडाण्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. इंग्लंडातही ती शिकल्यासवरल्या पशुवैद्यांत पिढ्यान् पिढ्या होती. १९८३ साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी स्नायुबंधांच्या दुखापतींवर तिची रीतसर परीक्षा घेतली आणि तिने काही लाभ होत नाही असे दाखवले. डाग दिल्यावर घोडा बरा होतो असे वाटते, कारण डागलेल्या घोड्याला सक्तीने विश्रांती मिळते. गुण विश्रांतीचा, आणि नाव लोखंडाचे!

पण जुन्या चालीवर हसणाऱ्या आपल्या नव्या विद्येलाही एकदा अशीच परीक्षा द्यावी लागली, आणि ती कथा आपल्यापैकी ज्यांचे गुडघे जिना चढताना बोलतात त्यांनी ऐकण्यासारखी आहे. माणसांच्या झिजलेल्या गुडघ्यांत दुर्बीण घालून धुण्याची शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या अखेरीस फार बोकाळली होती. अमेरिकेत ह्यूस्टनच्या मोझली आदी डॉक्टरांनी झिजेने गुडघा दुखणाऱ्या १८० रोग्यांचे तीन गट केले. एका गटाचा सांधा खरवडून साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला, आणि तिसऱ्याच्या कातडीवर फक्त चिरा देऊन टाके घातले. आत काहीच केले नाही. कोणाला काय झाले हे रोग्यांना ठाऊक नव्हते. दोन वर्षे पाहिल्यावर तिन्ही गटांत फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. ह्याचा अर्थ धुणे खोटे, असा आहे काय? नाही. झिजेच्या रोगात वाहून नेण्यासारखा शत्रूच नव्हता. पू झालेला सांधा, मग तो माणसाचा असो की घोड्याचा, आजही तातडीने रिकामा करून धुवावाच लागतो. तेच पाणी, तीच सुई, तोच सांधा. रोग निराळा म्हणून फळ निराळे. झिजलेल्या सांध्याला विश्रांती, वजनावर ताबा, नालबंदाचे कुशल काम आणि बेतलेले औषध हवे. म्हणूनच मी आरंभी दोन अटी सांगितल्या. उपचाराची थोरवी त्याच्या अंगी नसते. रोगाशी पडलेल्या गाठीत असते.

आता शिंगराविषयी, कारण तेथे सर्वांत कमी खर्चात सर्वांत अधिक साधता येते. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच वारेतून संरक्षक द्रव्ये मिळतात. घोडीच्या वारेतून ती पार होत नाहीत. शिंगरू जगात येते ते जवळजवळ निःशस्त्र. त्याची सारी शस्त्रे आईच्या पहिल्या चिकात असतात, आणि तो चीक शोषून घेणारी आतड्याची दारे एका दिवसात बंद होतात. पहिले सहा ते बारा तास सर्वांत मोलाचे. निरोगी शिंगरू तासाभरात उभे राहते आणि दोन तासांत आचळाला लागते. तसे झाले नाही, तर बेंबीतून किंवा आतड्यातून शिरलेले जंतू रक्तावाटे सांध्यांत जातात, आणि आठवड्याभराचे शिंगरू एकाएकी लंगडू लागते. मालक म्हणतो, घोडीने पाय दिला असेल. हे वाक्य फार शिंगरे मारते. लहान शिंगराच्या सुजलेल्या सांध्याला जंतुदोषच समजावे, जोवर तपासणी तो नाही म्हणत नाही. शिंगराचे सांधेही धुता येतात, परंतु त्यात बहुधा एकाहून अधिक सांधे आणि कोवळी हाडेही सापडलेली असतात, आणि यश मोठ्या घोड्याइतके हमखास नसते. बेंबी सौम्य क्लोरहेक्सिडिनने पुसणे, चीक वेळेवर पाजणे, आणि दिवसाच्या अखेरीस रक्त तपासून संरक्षक द्रव्ये डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमपर्यंत पोचली का ते पाहणे, एवढ्याने लिटरागणिक पाणी वाचते.

श्रोतेहो, ह्या सर्वांत पैशाचा प्रश्न आहे, तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शर्यतीच्या घोड्यासाठी भूल, दुर्बीण, आठवड्यांची शुश्रूषा परवडते. ज्याचे घर एका घोड्याच्या रोजच्या फेऱ्यांवर चालते, त्याला घोडा महिनाभर उभा ठेवणे म्हणजे चूल थंड ठेवणे आहे. तो चौथ्या दिवशी येतो तो निष्काळजी म्हणून नव्हे, तर पहिल्या दिवशी येण्याची किंमत त्याला ठाऊक असते म्हणून. चौथ्या दिवसाची किंमत किती अधिक आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पहिल्या दिवशी सुया, काही बाटल्या पाणी, औषध आणि एक जाणता पशुवैद्य एवढ्यावर पुष्कळदा भागते. चौथ्या दिवशी दुर्बीण लागते, आणि दहाव्या दिवशी बहुधा दयामरणाचा विचार करावा लागतो. तो विचारही वैद्याने आणि मालकाने धीराने करावा. तीन पायांवर कुढत ठेवणे ही भूतदया नव्हे. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालापासून उभे आहे, आणि पशुवैद्यांची विद्या आपल्या राज्याला परकी नाही. घोड्यांचा बाजार जेथे भरतो, घोड्यांची वाहतूक जेथे चालते, तेथे ती विद्या पहिल्या दिवशी पोचेल एवढी व्यवस्था समाजाने मागितली पाहिजे.

आणि आपण नगरवासीयांनी काय करावे? आपण घोड्यावर बसतो, मुलांना बसवतो, वरातीत नाचवतो. बसण्यापूर्वी त्याच्या चारही पायांकडे एकदा पाहावे. सांध्याजवळ लहानशी जखम दिसली, त्यातून तेलकट पिवळा द्रव पाझरत असला, एक सांधा दुसऱ्याहून जाड आणि गरम असला, किंवा घोडा एक पाय वारंवार उचलत असला, तर त्यावर बसू नये. मालकाला दूषण न देता सांगावे की ही जखम आजच्या आज पशुवैद्याला दाखव. वर स्वच्छ कापड बांध, पूड-लेप काही घालू नकोस, आणि धनुर्वाताची सुई विसरू नकोस, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. त्या दिवसाच्या फेरीचे पैसे तेवढे देऊन टाकावेत. हे दान नव्हे. त्या घोड्याच्या कूर्चेसाठी विकत घेतलेले काही तास आहेत, आणि कूर्चा पुन्हा येत नाही हे आपण आताच ऐकले.

पाणी हे सर्वांत स्वस्त औषध. त्याला महाग करतो तो आपला उशीर.